छतावरील सौर संच : वीजबिलापासून सुरुवात करून खर्च आणि बचत कशी मोजावी

घराच्या गच्चीवर सौर संच बसवावा की नाही, असे विचारणाऱ्याला बहुधा दोन टोकांची उत्तरे मिळतात. एजन्सीचा प्रतिनिधी सांगतो की बिल शून्यावर येईल, तर शेजारी सांगतात की पावसाळ्यात तो निव्वळ शोभेला उरतो. प्रत्यक्षात बचत किती होईल हे उन्हावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच ते तुमच्या वीजबिलातील टप्प्यांवर अवलंबून असते. म्हणूनच हे मार्गदर्शन पॅनेलपासून सुरू न होता बिलापासून सुरू होते. यातील आकडेमोड महावितरणच्या घरगुती ग्राहकाला समोर ठेवून केलेली आहे. मुंबईत बेस्ट, टाटा पॉवर किंवा अदानी यांचे ग्राहक असलेल्यांनी रीत हीच ठेवून दर मात्र आपापल्या बिलावरचे घ्यावेत. गोव्यात घरगुती वीज महाराष्ट्राच्या तुलनेत बरीच स्वस्त असल्याने तेथे गुंतवणूक वसूल होण्यास अधिक वर्षे लागतात, हेही आधीच सांगितलेले बरे.

पहिली पायरी : बारा महिन्यांचा वापर मांडा

महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्यावरून बारा महिन्यांचे युनिट एका कागदावर उतरवून त्यांची बेरीज करावी. केवळ एप्रिल-मे महिन्यांचे बिल पाहून संचाची क्षमता ठरवणे ही नवख्या ग्राहकांची सर्वांत महागडी चूक असते, कारण कूलर आणि एसीच्या त्या दोन महिन्यांवर बेतलेला संच उरलेल्या दहा महिन्यांसाठी मोठा ठरतो. एजन्सीला मोठा संच विकण्यात रस असणे स्वाभाविक आहे, तेव्हा हा हिशेब आपणच करून ठेवावा.

त्यानंतर बिलातील रकाने समजून घ्यावेत. स्थिर आकार हा वापर असो वा नसो, द्यावाच लागतो, आणि सौर संच बसवल्यानंतरही तो कायम राहतो. वीज आकार टप्प्यांनुसार वाढत जातो : पहिले १०० युनिट, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे. याशिवाय प्रत्येक युनिटवर वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा आकार, लागतो, इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो आणि या सर्वांच्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क बसते. शून्य बिलाची जाहिरात अक्षरशः खरी ठरत नाही, ती स्थिर आकार आणि त्यावरील शुल्क यांमुळे.

आता टप्प्यांचा मुद्दा. २०२४-२५ या वर्षात पहिल्या १०० युनिटांसाठी वीज आकार प्रतियुनिट ४.७१ रुपये, तर १०१ ते ३०० या टप्प्यासाठी १०.२९ रुपये होता. ३०१ ते ५०० साठी तो १४.५५ रुपये होता आणि सर्व टप्प्यांवर वहन आकार १.१७ रुपये होता. दर वेळोवेळी बदलतात, त्यामुळे स्वतःचा हिशेब करताना चालू बिलावरील आकडे घ्यावेत, परंतु टप्प्यांमधील ही मोठी दरी लक्षात ठेवण्यासारखी आहे. सौर संचाने वापर कमी होतो तेव्हा बिलातून आधी सर्वांत महाग टप्प्यातील युनिट गळतात. शंभराच्या आतील स्वस्त युनिटांची पाळी सर्वांत शेवटी येते.

दुसरी पायरी : क्षमता ठरवा, आणि येथे घाई करू नका

महाराष्ट्रात एक किलोवॉटचा संच सावलीविना, दक्षिणेकडे तोंड करून बसवला असता वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे १२० युनिट वीज देतो. मार्च-एप्रिलमध्ये हा आकडा वाढतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, तो निम्म्यापर्यंत खाली येऊ शकतो. भर मे महिन्यात उत्पादन सर्वाधिक असेल अशी अनेकांची समजूत असते, पण पॅनेलला ऊन हवे असते, उष्णता नको असते. पॅनेलची क्षमता २५ अंश सेल्सियस तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढील प्रत्येक अंशाला ती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी काचेखालचे तापमान ६० अंशांच्या पुढे जाते तेव्हा दहा ते चौदा टक्के उत्पादन केवळ उष्णतेपायी जाते.

महिन्याला सरासरी २५० युनिट वापरणारे एक घर उदाहरणादाखल घेऊ. वर दिलेल्या दरांनी, स्थिर आकार १२८ रुपये धरून आणि इंधन समायोजन आकार बाजूला ठेवून, या घराचे मासिक बिल सुमारे २,८२५ रुपये येते. एक किलोवॉटचा संच बसवला की १२० युनिट वजा होऊन १३० उरतात आणि बिल १,२२९ रुपयांवर येते. म्हणजे पहिल्या किलोवॉटने दरमहा जवळपास १,६०० रुपये वाचवले. दुसरा किलोवॉट जोडला की केवळ १० युनिट उरतात, बिल २१७ रुपये होते आणि या दुसऱ्या किलोवॉटची बचत सुमारे १,०१० रुपये भरते. तिसरा किलोवॉट जोडला तर बिल १४८ रुपयांच्या खाली जाऊच शकत नाही, त्यामुळे त्याची बचत जेमतेम ७० रुपये. त्याने निर्माण केलेली बाकीची वीज खात्यावर शिल्लक पडते. तीन किलोवॉटला सरकारी अनुदान सर्वाधिक मिळते म्हणून तीनच बसवा, असा सल्ला या घराला कोणी दिला तर तो ऐकू नये.

शिल्लक विजेचे पुढे काय होते, हे क्षमता ठरवण्यापूर्वीच कळायला हवे. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे वीज कंपनीला दिलेले युनिट तिच्याकडून घेतलेल्या युनिटांतून वजा करण्याच्या पद्धतीत, एका महिन्यात उरलेले युनिट पुढील महिन्याच्या बिलात वळते होतात. ही शिल्लक आर्थिक वर्षाअखेरपर्यंतच चालते. ३१ मार्चला जे युनिट उरतात त्यांचा मोबदला वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने दिला जातो, आणि तो दर आपण वीज विकत घेतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. गंमत अशी की हिवाळ्यात पंखे बंद असताना साठवलेले युनिट ३१ मार्चला निकालात निघतात आणि लगेच एप्रिलपासून विजेची खरी गरज सुरू होते. त्यामुळे संचाचे वार्षिक उत्पादन वार्षिक वापराइतके किंवा त्याहून किंचित कमीच असावे. वरील घराचा वार्षिक वापर ३,००० युनिट आणि दोन किलोवॉटचे वार्षिक उत्पादन सुमारे २,८०० ते २,९०० युनिट, म्हणजे जोड नेमकी बसते.

पुढील दोन-तीन वर्षांत वापर वाढणार असेल तर तो मात्र आताच मोजावा. रोज ३० किलोमीटर चालणारी विजेवरची दुचाकी महिन्याला साधारण ३० युनिट घेते. गॅसऐवजी इंडक्शन शेगडीवर बराचसा स्वयंपाक होऊ लागला तर दिवसाला दीड-दोन युनिटांची भर पडते. मुले शिक्षणासाठी बाहेरगावी जाणार असतील तर वापर घटतोही, आणि हे मोजायचे बहुतेक जण विसरतात. ज्या ग्राहकांना दिवसाच्या वेळेनुसार वेगवेगळा दर लागू झाला आहे, त्यांनी आपले सौर युनिट कोणत्या वेळेच्या वापरातून वजा होतील हे उपविभागीय कार्यालयातून लेखी समजून घ्यावे. बचतीचा आकडा त्यावर हलू शकतो.

महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या घराचे गणित वेगळे आहे. ९० युनिट वाचले तरी ते सर्व स्वस्त टप्प्यातले असल्याने दरमहा बचत सहाशे रुपयांच्या आसपास राहते. अशा ग्राहकांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ या नावाने पूरक योजना आणली. तीत एक किलोवॉटच्या संचासाठी केंद्राच्या सूर्यघर योजनेतील ३०,००० रुपयांच्या अनुदानावर दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला १७,५०० रुपये, तर शंभर युनिटांच्या आतील सर्वसाधारण गटाला १०,००० आणि अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांना १५,००० रुपये अधिक मिळतात. मूळ किंमत ५०,००० रुपये धरली असता दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला अवघे २,५०० रुपये पदरचे घालावे लागतात. एवढा आधार असेल तर लहान वापराच्या घरानेही मागे राहू नये. तो मिळत नसेल तर मात्र वसुलीला अधिक वर्षे लागतील, हे धरूनच निर्णय घ्यावा.

तिसरी पायरी : गच्चीवर चढून पाहा

एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते. ‘सावलीमुक्त’ हा शब्द येथे सैलपणे घेऊ नये. पॅनेलमधील सेल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, त्यामुळे पाण्याच्या टाकीची किंवा जिन्याच्या खोलीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी त्या संपूर्ण रांगेचे उत्पादन खाली येऊ शकते. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि सावल्या लांबतात. मे महिन्यात स्वच्छ दिसणारी जागा डिसेंबरात सकाळी दहापर्यंत शेजारच्या नारळाच्या सावलीत असू शकते. शक्य असल्यास सकाळी नऊ, दुपारी बारा आणि दुपारी तीन अशा तिन्ही वेळी गच्चीचे फोटो काढून ठेवावेत. दक्षिणेच्या मोकळ्या प्लॉटवर उद्या तीन मजले उठणार असतील तर तेही जमेस धरावे.

स्लॅबच्या घराला सहसा अडचण येत नाही. लोखंडी पत्र्यावर पट्ट्या ठोकून पॅनेल बसवता येतात. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर मात्र ते बसवू नयेत, आणि कौलारू छप्पर असेल तर अंगणात किंवा गोठ्याच्या बाजूला वेगळा सांगाडा उभारणे अधिक शहाणपणाचे ठरते. गच्ची वापरात राहावी म्हणून सात-आठ फूट उंच सांगाडा बसवण्याची पद्धत आता रुळली आहे. त्याखाली पापड-कुरडया वाळवायला जागा राहते आणि वरच्या मजल्याला थोडी सावलीही मिळते. परंतु उंच सांगाड्याला वाऱ्याचा मार अधिक बसतो आणि त्याचा खर्चही वाढतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या किनारपट्टीवर छपरांची जी दैना केली ती पाहता, कोकणातील घरमालकाने सांगाड्याच्या बाबतीत पैसे वाचवू नयेत. गरम जस्त-लेपन केलेले लोखंड, स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट आणि वाऱ्याच्या वेगानुसार केलेली रचना ही अट कोटेशनमध्ये लिहून घ्यावी. स्लॅबला छिद्रे पाडणार असतील तर गळतीची जबाबदारी कोणाची, हेही त्याच कागदावर यावे. वॉटरप्रूफिंग करायचे राहिले असेल तर ते आधी उरकावे, कारण पॅनेल बसल्यानंतर खाली वाकून ते काम करणे कठीण जाते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी गच्ची सामायिक असते, म्हणून सोसायटीच्या ठरावाशिवाय पुढे जाऊ नये. अनेक सोसायट्यांना वैयक्तिक संचांपेक्षा लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिव्यांसाठी एकच सामायिक संच घेणे सोयीचे पडते. त्यासाठी केंद्राकडून प्रतिकिलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे.

चौथी पायरी : खर्चाचे कोटेशन वाचायला शिका

घरगुती संचाची बाजारातील किंमत पॅनेलचा प्रकार, सांगाड्याची उंची आणि गाव यांनुसार बदलते. तरीही साधारणपणे दोन किलोवॉटसाठी सव्वा ते दीड लाख, आणि तीन किलोवॉटसाठी एक लाख ८० हजार ते दोन लाख दहा हजार रुपये असा अंदाज ठेवायला हरकत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुना दर लावलेले कोटेशन समोर आले तर ते परत करावे.

प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तीत पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान मिळते. तीन किलोवॉटला ते ७८,००० रुपये होते आणि त्यापुढे संच कितीही मोठा घेतला तरी रक्कम तेवढीच राहते. हे अनुदान केवळ भारतात तयार झालेल्या सेलपासून भारतातच बनवलेल्या, म्हणजे डीसीआर प्रमाणित पॅनेलना मिळते. विनाडीसीआर पॅनेल स्वस्त पडतात, आणि मोठ्या संचांत काही जण अनुदान सोडून तेच घेतात. दोन-तीन किलोवॉटच्या घराला तसे करण्यात फायदा नाही.

अनुदान ग्राहकाच्या बँक खात्यात नंतर जमा होते, हे अनेकांना शेवटपर्यंत स्पष्ट झालेले नसते. एजन्सी कोटेशनवर ठळक अक्षरांत अनुदान वजा केलेली रक्कम दाखवते आणि प्रत्यक्षात पूर्ण रक्कम आधी मागते. यात फसवणूक असेलच असे नाही, पण हाताशी तेवढे पैसे नसतील तर पंचाईत होते. हप्ते ठरवताना काही भाग आगाऊ, मोठा भाग माल गच्चीवर पोहोचल्यावर आणि दहा-पंधरा टक्के नेट मीटर बसून संच सुरू झाल्यावर, अशी विभागणी मागावी. शेवटचा हप्ता हातात असला की फोन उचलले जातात, एवढेच येथे सांगणे पुरे.

किमान तीन कोटेशन घेऊन ती प्रतिवॉट दराने ताडून पाहावीत. एकूण रकमेशेजारी पुढील गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते तपासावे : पॅनेलची कंपनी, प्रत्येकाची वॉट क्षमता आणि संख्या, इन्व्हर्टरची (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राची) कंपनी, क्षमता आणि वॉरंटीची वर्षे, सांगाड्याची उंची आणि लोखंडाची जाडी, तांब्याच्या वायरीचा आकार, आकाशातील वीज पडण्यापासून वाचवणारा वीजरोधक आणि तीन स्वतंत्र अर्थिंग, नेट मीटरचा आणि कागदपत्रांचा खर्च कोणाकडे. स्वस्त कोटेशनमध्ये काटछाट होते ती बहुधा अर्थिंग, वायर आणि सांगाडा यांतच, कारण पॅनेलच्या मागच्या लेबलवर कंपनीचे नाव दिसते आणि जमिनीत किती खोल खड्डा खणला ते कोणी पाहत नाही. पॅनेलवर २५ वर्षे उत्पादनाची हमी असते, तरी इन्व्हर्टरची वॉरंटी पाच ते दहा वर्षांचीच असते, आणि संचातील आधी बिघडणारा भागही तोच. त्याचे सेवा केंद्र आपल्या जिल्ह्यात आहे का, हा प्रश्न पॅनेलच्या तांत्रिक तपशिलांपेक्षा महत्त्वाचा आहे.

एजन्सीला आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा : वीज गेल्यावर काय होईल? ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडलेला साधा संच वीज गेली की आपोआप बंद होतो, मग माथ्यावर कितीही ऊन असो. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला गच्चीवरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ही व्यवस्था सक्तीची आहे. भारनियमनात घर चालू ठेवायचे असेल तर बॅटरीसह हायब्रिड संच घ्यावा लागतो. तो बराच महाग पडतो, बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते आणि अनुदान मात्र पॅनेलच्या क्षमतेवरच मिळते. ज्या गावात वीज दिवसाकाठी तास-अर्धा तासच जाते, तेथे घरातला जुना बॅटरीवरचा इन्व्हर्टर तसाच ठेवून साधा संच घेणे माझ्या मते अधिक परवडते. ज्या भागात भर दुपारी रोज दोन-तीन तास वीज जाते, तेथे साध्या संचाचे उत्पादनही तितकेच घटेल, हे बचतीत धरावे.

पाचवी पायरी : पैसे कोठून आणावेत

स्वतःची रक्कम बँकेत मुदत ठेवीत असेल तर संचात घालणे बहुतेकदा फायद्याचे ठरते. वरील २५० युनिटांच्या घराने दोन किलोवॉटसाठी दीड लाख खर्च केले आणि ६०,००० रुपये परत मिळाले, तर निव्वळ गुंतवणूक ९०,००० रुपये होते. दरमहा सरासरी २,६०० रुपयांची बचत कागदावर वर्षाला ३१,००० च्या पुढे जाते. पावसाळी महिन्यांतील तूट, धूळ आणि अधूनमधून जाणारी वीज यांसाठी त्यातून पंधरा टक्के वजा केले तरी साडेतीन वर्षांच्या आत रक्कम वसूल होते.

कर्ज घ्यायचे असल्यास सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी राष्ट्रीयीकृत बँका तारणाशिवाय कर्ज देतात आणि त्याचा व्याजदर रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी बांधलेला असल्याने तो वैयक्तिक कर्जाच्या मानाने बराच कमी असतो. एक लाख रुपयांचे कर्ज सात टक्के दराने दहा वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १,१६१ रुपये येतो. महिन्याला ३६० युनिट वापरणाऱ्या घराचे बिल वरील दरांनी ४,६०० रुपयांच्या घरात जाते. तीन किलोवॉटने ते जवळपास स्थिर आकारावर येते, तेव्हा हप्ता भरूनही दरमहा तीन हजारांच्या आसपास हातात उरतात. अनुदान जमा झाल्यावर ते इतरत्र खर्च न करता कर्जात भरावे. एजन्सीने दाखवलेला ‘शून्य टक्के’ हप्ता मात्र तपासून घ्यावा. त्यातले व्याज अनेकदा संचाच्या किमतीतच मिसळलेले असते, आणि रोखीचा दर वेगळा मागितला की ते उघड होते.

सहावी पायरी : अर्ज आणि कागदपत्रे

अर्ज सूर्यघर योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून करायचा असतो. त्याआधी एक गोष्ट तपासावी : वीजजोडणी कोणाच्या नावावर आहे? गावाकडच्या कित्येक घरांचे मीटर आजही आजोबांच्या किंवा दिवंगत वडिलांच्या नावावर आहेत. बिल, आधार आणि बँक खाते यांवरील नाव जुळले नाही तर अनुदान अडकते. महावितरणकडे नाव बदलाचा अर्ज आधी करावा आणि थकबाकी असल्यास ती भरून टाकावी.

२०२४ मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या संचाला तांत्रिक व्यवहार्यतेच्या वेगळ्या तपासणीची गरज राहिलेली नाही. अर्ज पूर्ण असला की तो मंजूर मानला जातो. मंजूर भार, म्हणजे जोडणीसाठी मान्य झालेली किलोवॉट क्षमता, कमी असेल तर तोही त्यासोबत वाढवून मिळतो. मात्र भार वाढल्याने स्थिर आकारात किंवा फेजमध्ये काही बदल होणार आहे का, हे विचारून ठेवावे. त्यानंतर पोर्टलवरील नोंदणीकृत पुरवठादारांपैकी एक निवडून त्याच्याशी करार होतो. या करारात पाच वर्षांची देखभाल पुरवठादारावर बंधनकारक आहे. सही करण्यापूर्वी ते कलम वाचावे आणि वर्षातून किती भेटी होतील ते आकड्यात लिहून घ्यावे.

संच उभा राहिल्यावर महावितरणचे कर्मचारी तपासणी करून नेट मीटर बसवतात, पोर्टलवर पूर्णत्वाची नोंद होते आणि नंतर अनुदान खात्यावर येते. नेट मीटर बसण्यापूर्वी संच सुरू करू देऊ नये. जुने मीटर बाहेर जाणारी वीजही वापर म्हणून मोजू शकते आणि बिल वाढून येते. काम ऑक्टोबर ते जानेवारी या काळात पूर्ण झाले तर उत्तम, कारण मार्चपासूनचे भरघोस उत्पादन हाती लागते आणि पावसात सांगाड्याचे काम अर्धवट अडकत नाही.

सातवी पायरी : पहिले बिल वाचताना

संच सुरू झाल्यावरच्या पहिल्या बिलावरून सर्वाधिक तक्रारी होतात, आणि त्यातील बऱ्याचशा गैरसमजाच्या असतात. मोबाइलवरील ॲपमध्ये महिन्याचे उत्पादन २४० युनिट दिसते आणि बिलावर निर्यात केवळ १५० युनिट असते, तेव्हा ९० युनिट महावितरणने गिळले असे वाटू लागते. वास्तविक ते ९० युनिट दिवसा फ्रिज, पंखा, पाण्याची मोटार आणि मिक्सर यांनी मीटरपर्यंत पोहोचण्याआधीच वापरलेले असतात. नेट मीटर केवळ ग्रिडकडून आलेले आणि ग्रिडकडे गेलेले युनिट मोजतो. घराचा एकूण वापर काढायचा असेल तर ॲपवरील उत्पादनातून निर्यात वजा करून त्यात आयात मिळवावी. हा आकडा जुन्या वापराच्या आसपास असेल तर सर्व ठीक आहे. तो अचानक फुगलेला दिसला तर कोठे तरी वापर वाढला आहे. बिल येत नाही म्हणून एसी रात्रभर चालू ठेवण्याची सवय हे त्याचे नेहमीचे कारण असते.

पहिल्या वर्षभर दर महिन्याचे उत्पादन, आयात, निर्यात आणि खात्यावरील शिल्लक एका वहीत लिहावी. दुसऱ्या वर्षापासून उत्पादन मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी ताडून पाहावे, मागील महिन्याशी नव्हे. एकाएकी वीस-पंचवीस टक्के घट दिसली तर आधी धूळ, मग नवी सावली आणि त्यानंतर सैल झालेली जोडणी या क्रमाने शोध घ्यावा.

देखभाल आणि पुढील वर्षांचा खर्च

कोरड्या दिवसांत साधारण पंधरवड्याने पॅनेल धुवावेत. रस्त्याकडेच्या, वीटभट्टीजवळच्या किंवा सिमेंट कारखान्याच्या परिसरातील घरांना ते आठवड्याला करावे लागते. काच तापलेली असताना गार पाणी टाकू नये, म्हणून सकाळी लवकरची वेळ बरी. मऊ फडका किंवा स्पंजचा मोप पुरतो, साबणाची पूड नको. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी वापरले की काचेवर पांढरे डाग बसतात आणि पुढे ते निघता निघत नाहीत, त्यामुळे शेवटचा हात तरी गोड्या पाण्याचा असावा. कबुतरांचा उपद्रव असलेल्या शहरांत पॅनेलखाली जाळी लावून घ्यावी, कारण तेथे घरटी झाली की वायरी कुरतडल्या जातात आणि विष्ठेचा थर एखादा सेल कायमचा झाकून ठेवतो.

पॅनेलची क्षमता पहिल्या वर्षी दोन टक्क्यांपर्यंत आणि नंतर दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटत जाते. दहाव्या ते बाराव्या वर्षाच्या दरम्यान इन्व्हर्टर बदलण्याचा प्रसंग येतो आणि तीन किलोवॉटच्या संचासाठी त्याला आजच्या भावाने पंचवीस ते पस्तीस हजार रुपये लागतात. वाचलेल्या बिलातून दरमहा तीनशे रुपये वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकले तर ती रक्कम वेळेपूर्वीच जमते. घराचा विमा असेल तर सौर संचाचा त्यात समावेश करून घेण्यासाठी विमा कंपनीला लेखी कळवावे, आणि किनारपट्टीवर तर वादळ व वीज पडणे या दोन्ही जोखमी पॉलिसीत नावानिशी आहेत का ते पाहावे. पाच वर्षांची देखभाल संपण्यापूर्वी, करारातील शेवटच्या भेटीत, अर्थिंगची मोजणी आणि सर्व नटबोल्ट पुन्हा आवळून देणे ही दोन कामे पुरवठादाराकडून आठवणीने करून घ्यावीत.